गाडीखालचं मीठ

देवकाबाईला एका जागी बसवत नसे. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हळदीकुंकवाला गेली तरी ती दाराकडे तोंड करून बसायची आणि वाण पदरात पडतं न पडतं तोच उठायची. जेवताना घास तोंडात तसाच ठेवून रस्त्यावर डोकावून यायची. तिचा नवरा नत्थूजी शांत गडी. शेत, बैल आणि पानाचा डबा यापलीकडे त्याला जग नव्हतं. तो म्हणायचा, लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या काळजालाच लागली आहे.

लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती. एकुलता एक मुलगा माधव ट्रक चालवू लागला आणि हे सुरू झालं.

माधव मॅट्रिकला दोन्ही वेळा गणितात राहिला होता. शेतातही त्याचं मन रमलं नाही. वखर धरला की थोड्या वेळाने बांधावर जाऊन पुलगावच्या रस्त्याकडे बघत उभा राहायचा. आर्वीच्या वाटेवरच्या रोहण्याचा भास्कर हा त्याचा शाळेतला दोस्त, तोही तसाच. एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला, त्यात दोघांनी दोन डिझेल ट्रक उचलले. एकाच घडणीचे, एकाच हिरव्या रंगाचे. पुढे माधवने आपल्याला निळा रंग दिला आणि भास्करने तांबडा, पण बॉनेट उघडलं की कुठली गाडी कोणाची ते सांगता येत नसे. आर्वीच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि पुलगावच्या गिरणीत आणून टाकायच्या, हा त्यांचा धंदा. मोसम संपला की संत्री, कडबा, विटा, जे मिळेल ते. लांब कुठे जायचं नाही. संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला.

मग एका श्रावणात भास्करची गाडी पुलाच्या उतारावर कलंडली. गाडीचं फारसं काही मोडलं नाही. भास्कर मात्र दाराखाली सापडला.

देवकाबाई तेरवीला रोहण्याला गेली होती. भास्करची आई वच्छलाबाई भिंतीला टेकून होती. रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं "बसा" म्हणत होती. इतक्या शांतपणे म्हणत होती की देवकाबाईला तिथे क्षणभरही टेकवलं नाही. परत येताना एसटीत तिचं सगळं लक्ष समोरून येणाऱ्या ट्रकांवर होतं.

त्या अमावस्येपासून तिने गाडीची दृष्ट काढायला सुरुवात केली. आधी लिंबू-मिरची बांधून पाहिली. माधवने ती दुसऱ्याच दिवशी काढून टाकली आणि वर विचारलं, "माय, गाडीची चटणी वाटतं का?" मग तिने लपवून करायचं ठरवलं. गल्ली अरुंद म्हणून गाडी घरापुढच्या कडुनिंबाखाली उभी असायची. एकदा मांजरीचं पिल्लू हुसकायला ती गाडीखाली वाकली आणि तिला जागा सापडली. इंजिनाच्या तळाशी एक पत्र्याची मोठी पेटी असते, इंजिनाचं सगळं तेल तिच्यात साठतं. ड्रायव्हर लोक तिला चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या काठाला लागूनच एक लोखंडी पट्टी आडवी गेली होती. दोहोंच्या मधे बेचकी होती, भिंतीतल्या देवळीसारखी. बाहेरून दिसायची नाही. देवकाबाईने काळ्या चिंधीत मूठभर खडेमीठ बांधलं, गाडीवरून ओवाळलं आणि ती पुरचुंडी त्या बेचकीत दाबून बसवली.

रीतीप्रमाणे ओवाळलेलं मीठ चुलीत टाकायचं असतं. पण तिचा विचार वेगळा होता. चुलीत टाकलेलं मीठ घरी राहतं, पोरगा तर रस्त्यावर. जे राखायचं ते सोबत असलेलं बरं.

पुढच्या अमावस्येला पाहते तर चिंधी ओली आणि मीठ अर्धं झालेलं. म्हणजे कुणाची तरी नजर लागत होती आणि मीठ ती ओढून घेत होतं. तिने चिंधी बदलली, मीठ वाढवलं. पावसाळ्यात तर पुरचुंडी पंधरवड्यातच रिकामी व्हायची. पावसाळ्यात भास्कर गेला होता. या दिवसांत घात जास्त, असं तिने मनाशी ठरवलं आणि दोन दोन मुठी ठेवू लागली. विरघळलेलं मीठ जातं कुठे, हा प्रश्न तिला पडला नाही. असे तीन पावसाळे गेले आणि माधवच्या अंगाला ओरखडासुद्धा आला नाही. देवकाबाईला वाटे, हे आपलंच काम.

चौथ्या वर्षी कापसाच्या मोसमात एक नवंच संकट आलं. नागपूरच्या एका ट्रान्सपोर्टचा बंडूजी नावाचा माणूस पुलगावात ड्रायव्हर शोधत फिरत होता. कलकत्त्याची लाइन होती. एकदा गेलं की दीड-दोन महिने तोंड दिसायचं नाही. माधवने ते घरी जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, पण त्याचे डोळे चमकत होते. देवकाबाईचा हात पातेल्यातच थांबला. नत्थूजीने विचारलं, आपली गाडी असताना दुसऱ्याची काय म्हणून हाकायची? माधव म्हणाला, ते खरं आहे. गाडी चालते तोवर तो कुठे जात नाही. चालेनाशी झाली तर मात्र जाईल, शेतात परत उतरणार नाही.

तेव्हापासून देवकाबाईचा जीव गाडीत अडकला. ती खोकली तरी हिला धस्स व्हायचं.

आणि माघात एका दुपारी गाडी बंद पडली. आर्वीहून भरून येताना चाकाखालचा गोटा उडाला, खाली काहीतरी वाजलं, एवढंच माधवच्या लक्षात आलं. तेलाचा काटा खाली आलेला त्याला दिसेपर्यंत इंजिनातून खडखड सुरू झाली होती. मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ. दुसऱ्या ट्रकने ओढून त्याला पुलगावला, आर्वी नाक्यावरच्या रामाजी मिस्त्रीच्या गॅरेजात आणून सोडलं.

निरोप घेऊन आलेला माणूस "गाडी बसली" एवढंच म्हणाला. देवकाबाईने फक्त "गाडी" ऐकलं आणि चुलीवरचं तसंच टाकून निघाली. गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्याच्या काठावर माधव हातपाय धडधाकट उभा दिसला. तरी ती बसली नाही.

रामाजी गाडीखालच्या खड्ड्यात उतरला होता. उरलंसुरलं तेल त्याने घमेल्यात घेतलं, काठाचे बोल्ट सोडवले, पेचकसाने हळूहळू फटीत उचकून चेंबर खाली घेतलं आणि उजेडात आणून उलटं केलं. एक कोपरा पार गेलेला होता. गंजाचे पापुद्रे बोटाने सुटत होते, जुन्या पापडासारखे. बाकीचा पत्रा मात्र चांगला होता.

"मीठ वाहिलं का रे या गाडीनं?" रामाजीने विचारलं.

माधव म्हणाला, मीठ नाही, खत नाही. कापूस, संत्री, कडबा.

"मंग मुंबईच्या समुद्रात बुडवून आणली काय?"

बाजूला चहा पीत उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. रामाजीने कोपरा खरवडला. पांढऱ्या पुटात काळ्या चिंधीचा तुकडा अडकला होता. त्याने पुटाचा कण जिभेला लावला आणि थुंकला.

देवकाबाईला गप्प राहता आलं असतं. तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. पण तिच्याच्याने गप्पही राहवत नसे.

"ते म्या ठेवलं," ती म्हणाली.

रामाजीला कळेना. मग तिने सगळं सांगितलं: अमावस्या, पुरचुंडी, पावसाळ्यात दोन मुठी. रामाजी चेंबरकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "तुमी गाडीचं लोणचं घातलं."

ड्रायव्हर पुन्हा हसले. माधव हसला नाही. तो पत्र्याच्या त्या भोकाकडे पाहत होता.

"मले वाटलं, माह्या हातानं झालं," तो म्हणाला. "गोटा चुकवता आला असता. रस्ताभर तेच घोकत आलो." आणि तो वळून पलीकडे चहाच्या टपरीकडे चालता झाला.

तो रागावला असता तर देवकाबाईला सोसलं असतं. घरी नत्थूजी रागावला नाही, म्हणाला, पोराला जिवापाड जपलं, गाडी तेवढी गंजली. पण माधव काहीच बोलेना. उठतबसत होता, अंगणात येरझाऱ्या घालत होता, आणि मायला वाटत होतं की प्रत्येक पाऊल कलकत्त्याच्या दिशेनेच पडत आहे. बंडूजीला शनिवारपर्यंत होकार-नकार कळवायचा होता.

रामाजीने आधी भोकावर वेल्डिंगचा डाग देऊन पाहिला. गॅसची ज्योत लावली की भोवतालचा पत्राच वितळायचा आणि भोक आणखी मोठं व्हायचं. ठिगळाला धरायला जागाच उरली नव्हती. म्हणाला, दुसरं चेंबर आणा. माधव नागपूरच्या भंगार बाजारात दिवसभर फिरला. चेंबरं पुष्कळ होती, पण त्या लष्करी गाडीच्या बोल्टांशी एकाचीही भोकं जुळेनात. हात हलवत परत आला आणि आल्याआल्या म्हणाला, बंडूजी बाजारात भेटला होता.

"एक चेंबर हाये," रामाजी बोल्ट पुसता पुसता म्हणाला. "कुठं हाये ते तुलेबी ठाऊक हाये."

"ते नाव काढू नका," माधव म्हणाला.

देवकाबाई डबा घेऊन दारात उभी होती. तिला दोघांचंही म्हणणं कळलं. रोहण्याला वच्छलाबाईच्या घरामागे भास्करचा तांबडा ट्रक अजून तसाच उभा होता. कुणी विकत घेतला नव्हता आणि वच्छलाबाईने विकायलाही काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती एसटीत बसली. सबंध वाटेत तिच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. ज्या गाडीत पोरगा मेला तिचं लोखंड आपल्या पोराच्या गाडीला लावायचं? बांगडी फुटली तरी तुकडा घरात न ठेवणारी ती. आणि नाही लावलं तर कलकत्ता. रोहणा आलं तरी भांडण मिटलं नव्हतं. ती उतरली ती एका जागी न बसण्याच्या सवयीनेच.

वच्छलाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा."

देवकाबाई बसली. पाठ भिंतीला टेकून बसली. का ते तिलाही कळलं नाही, पण तिथे तिला उठावंसं वाटेना. घरामागे ट्रकचा टप दिसत होता. बॉनेटवर वालाचा वेल चढला होता आणि खिडकीतून एक कोंबडी बाहेर पाहत होती. मागायला आली होती चेंबर, पण तोंडातून निघालं मीठ. ते कुठे ठेवलं, कसं विरघळलं, आपल्याला काय वाटलं आणि काय झालं, सगळं तिने सांगून टाकलं.

वच्छलाबाईने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"म्हणजे तुमी मीठ ठेवत होत्या," ती म्हणाली. "मी काईच ठेवलं नोतं. ना मीठ, ना लिंबू. त्यानं बांधू देलं नाई आन् म्या जोर केला नाई. इतके वर्स मले वाटे, माह्याच हातून राह्यलं."

"ठेवून गाडी गंजली, वं बाई," देवकाबाई म्हणाली. याहून बरं तिला काही सुचलं नाही.

वच्छलाबाईच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. मग ती व्यवहाराचं बोलली. चेंबर न्या. पण लोक म्हणतील, मेल्या पोराच्या गाडीचं लोखंड आहे. ते तुम्हाला चालतं का ते तुम्ही पाहा. आणि मिस्त्रीला पाठवू नका. माधवला पाठवा. तेरवीपासून तो इकडे फिरकला नाही. गाडी जाते रस्त्याने, आवाज ओळखू येतो, पण थांबत नाही.

परतीच्या वाटेवर देवकाबाईने ठरवलं. म्हणजे ठरवलं असंही नाही. पुलगावला उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरं काही ठरण्यासारखं उरलंच नाही. माधव गॅरेजात बसला होता. ती त्याला म्हणाली, "वच्छलाबाईनं तुले बोलावलं हाये." चेंबरचं नाव तिने घेतलं नाही. त्याला ते समजलं. तो चिडला, म्हणाला, कोणी सांगितलं होतं जायला? मग पान्हे पिशवीत भरू लागला.

रोहण्याला ती त्याच्याबरोबर गेली. माधव दोस्ताच्या गाडीसमोर थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग वेल बाजूला केला, गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत खाली गेला. वच्छलाबाई पुढच्या चाकापाशी मातीत बसली. दोन-चार बोल्ट सुटेपर्यंत पान्ह्याच्या करकरीखेरीज काही ऐकू आलं नाही.

"बिडी प्याचा का रे तो?" वच्छलाबाईने विचारलं.

खाली पान्हा थांबला. "प्याचा, काकू."

"मले वाटलंच. सदऱ्याले वास ये." थोड्या वेळाने तिने आणखी काही विचारलं, माधवने खालून उत्तर दिलं, आणि मग ते दोघं बोलतच राहिले. देवकाबाईला सगळं ऐकू येत नव्हतं. ती कोंबड्या पाहत उभी होती. बोल्ट जाम झालेले नव्हते, चटचट सुटत होते, तरी माधवला खूप वेळ लागला.

चेंबर बाहेर आलं तेव्हा आत जुन्या तेलाची घट्ट साय होती आणि पत्रा साबूत. गंजाचा ठिपका नाही. वच्छलाबाईने त्यावरून एकदा हात फिरवला आणि हात पदराला पुसला. पदरावर काळा डाग पडला, तो तिने पाहिला नाही.

रामाजीने चेंबर डिझेलने धुतलं, काठ घासून साफ केला. बसवण्याआधी त्याने इंजिनाच्या पोटात हात घालून एक बेरिंग उघडून पाहिलं. तेलाविना चालल्यामुळे ते थोडं काळं पडलं होतं. देवकाबाईने विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, म्हणजे चालेल. किती दिवस, ते तो सांगणार नव्हता. ओझं कमी भरायचं, दामटायचं नाही, आणि आवाज ऐकत राहायचं. मग त्याने काठाला चिकटायला शेलॅकची लाख लावली, बुचाची नवी पॅकिंग ठेवली, चेंबर वर टेकवलं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत आणले. हे वाळेपर्यंत तेल भरायचं नाही, म्हणाला, घरी जा. कोणी गेलं नाही. माधव नाक्यापर्यंत जाऊन परत येत होता आणि देवकाबाई खड्ड्याला फेरे घालत होती. शेवटी रामाजी वैतागून म्हणाला, मायलेकांच्या चालण्याने वारा सुटला आहे, त्यानेच वाळेल.

तेल भरलं. इंजिन पहिल्यांदा नुसतं कण्हलं, दुसऱ्यांदा लागलं. काटा थरथरत वर चढला आणि थांबला. रामाजी गाडीखाली वाकून हात फिरवून आला आणि कोरडा तळवा दाखवला.

शनिवारी बंडूजीला नकाराचा निरोप गेला. माधवनेच पाठवला. कारण काय सांगितलं ते देवकाबाईने विचारलं नाही.

गाडी पुन्हा आर्वीच्या रस्त्याला लागली. आता रोहणा आलं की माधव भोंगा वाजवायचा, कधी थांबून पाणी पिऊन यायचा. हे देवकाबाईला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. वच्छलाबाईने त्या कंडक्टरला कामालाच लावलं होतं. पुलगावच्या स्टँडवर देवकाबाई दिसली की तो टपावरचं सामान उतरवता उतरवता ओरडून सांगायचा, गाडी पास झाली. पहिल्यांदा तिला फार बरं वाटलं. मग ती रोजच स्टँडवर जाऊ लागली.

फाल्गुनातली गोष्ट. संध्याकाळची आर्वीची एसटी आली आणि कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी गेली बरं. आमच्या पुढंच होती."

देवकाबाई मान हलवून निघाली आणि चार पावलांवर थबकली. पुढे होती, मग एसटीच्या आधी पोचायला हवी होती. स्टँडवरून तर गेली नाही. तिने परत जाऊन कंडक्टरला विचारलं, वाटेत कुठे उभी दिसली का?

"मी तिकिटं फाडू का गाड्या मोजू?" तो म्हणाला. एसटी निघून गेली.

पुढे होती. मग बेरिंग गेलं का? की नाल्यापाशी वळताना... ती गिरणीच्या रस्त्याने चालू लागली, मग भराभर चालू लागली, मग तिला चपलेचा अंगठा तुटल्याचंही भान राहिलं नाही. नाक्यावर रामाजी शटर ओढत होता. त्याने हाक मारली, ती तिने ऐकली नाही.

गिरणीच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. काट्यावर काहीतरी बिघडलं होतं आणि वजन खोळंबलं होतं. निळा ट्रक रांगेत उभा होता. माधव पायदानावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

त्याने वर पाहिलं. "माय? तू इथं काऊन?"

"भाजी घ्याले आलती," देवकाबाई म्हणाली. तिला दम लागला होता.

माधवने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, गिरणीच्या भिंतीकडे पाहिलं, पायातल्या एका चपलेकडे पाहिलं. उठून पलीकडचं दार उघडलं आणि दंडाला धरून तिला वर चढवलं. इतक्या वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती. ती सीटच्या काठावर बसली.

रांग पुढे सरकली. माधवने गाडी सुरू केली. हातभर अंतर गेलं असेल नसेल, देवकाबाईने त्याचा हात धरला.

"ते खडखड कायची होऊन राह्यली?"

"दार हाये," माधव म्हणाला. "नीट लाव."